छडी, पाठांतर आणि घर

मान्सफेल्डच्या शाळेत एका सकाळी छोट्या मार्टिन ल्यूथरला पंधरा वेळा छडी बसली. अपराध एवढाच, की कुणी शिकवलीच नव्हती ती लॅटिनची रूपे त्याला चालवता आली नाहीत. ही आठवण त्याने पुढे स्वतःच सांगितली. १५२४ मध्ये त्याने जर्मन नगरसभांना शाळा काढा म्हणून पत्र लिहिले, मुलींसाठीसुद्धा.

त्याच्या नावाने चाललेल्या शाळांत श्रद्धेमुळे मुलांचे वागणे सुधारते का?

सॅक्सनीतल्या मंडळ्यांची पाहणी करताना लोकांचे धर्माविषयीचे अज्ञान पाहून ल्यूथर हादरला. त्यातून १५२९ मध्ये त्याची छोटी प्रश्नोत्तरी आली. आधी ती भिंतीवर लावायच्या तक्त्यांच्या रूपात छापली गेली. तिच्यातली, दहा आज्ञांपैकी आठवी आज्ञा बघा. मूळ आज्ञा खोटी साक्ष देऊ नको, एवढेच सांगते. ल्यूथर पुढे जातो: शेजाऱ्याची बाजू घ्यावी, त्याच्याविषयी चांगले बोलावे, त्याच्या वागण्याचा होईल तितका चांगला अर्थ लावावा. वर्गातल्या चहाड्या-चुगल्यांवर याहून नेमके औषध मला तरी माहीत नाही.

पण औषध लागू पडले का? इतिहासकार गेराल्ड स्ट्राउस यांनी सोळाव्या शतकातले पाहणी-अहवाल चाळून १९७८ मध्ये लिहिले, की घोकंपट्टी झाली, माणसे फारशी बदलली नाहीत. जेम्स किटलसन यांनी स्ट्रासबर्गचे दाखले देऊन हा निष्कर्ष सरसकट मान्य करायला नकार दिला. तो वाद अभ्यासकांचा. मला मात्र त्या काळातल्या तरुण पाद्र्यांची कीव येते. ज्यांच्या घरी धर्माचा शब्दही निघत नाही, अशा पोरांकडून ते रविवारी प्रश्नोत्तरे म्हणवून घेत होते.

१८३९ मध्ये सॅक्सनीहून मिसुरीला आलेल्या ल्यूथरनांनी चर्चबरोबर शाळाही उभ्या केल्या. त्यांचे धर्मपंडित वाल्थर यांनी सेंट लुइसला १८८४-८५ मध्ये दिलेल्या व्याख्यानांचा विषय होता नियमशास्त्र आणि शुभवर्तमान यांतला भेद. वर्गात त्याचा अर्थ असा: चूक ती चूकच, तिला पांघरूण नाही; पण चूक कबूल केलेल्या मुलाला क्षमा ऐकायला मिळालीच पाहिजे. धाकाने वर्ग शांत बसतो. पण मन त्याने वळत नाही, ते क्षमेने वळते, हा या परंपरेचा विश्वास आहे. छडीपेक्षा हे अवघड, कारण यात शिक्षकालाही आपल्या रागाला आवर घालावा लागतो.

याच ल्यूथरनांच्या मिसुरी सिनड या चर्च-संघटनेच्या शाळांचा परिणाम रोनाल्ड जॉनस्टन यांनी डेट्रॉइट आणि सेंट लुइसच्या तरुणांमध्ये तपासला. त्यांचा अभ्यास १९६६ चा. ज्यांचे घर चर्चशी घट्ट बांधलेले, त्या मुलांत ल्यूथरन शाळेत गेलेला आणि न गेलेला यांत फरक थोडाच दिसला. घरचा प्रभावच मोठा ठरला. शाळेची छाप ठळक उमटली ती चर्चच्या काठावर असलेल्या घरांतल्या मुलांवर.

घराचे हे महत्त्व ल्यूथरला नवे वाटले नसते. त्याच्या प्रश्नोत्तरीतल्या प्रकरणांच्या माथ्यावर तो शिक्षकाला उद्देशून लिहीत नाही. कुटुंबप्रमुखाने हे आपल्या घरच्यांना सोप्या रीतीने शिकवावे, असे लिहितो. म्हणून अशा शाळांच्या चालकांना माझे सांगणे एवढेच: प्रवेश देताना भाविक घरांची मुले आधी निवडू नका. ज्या मुलाच्या घरी हा तक्ता कधी लागलाच नाही, त्याला पहिली जागा द्या.