तीन किरणांचा एक ठिपका

भोर आणि राजगड (पूर्वीचा वेल्हे) या दोन तालुक्यांत गणेशोत्सवाच्या व गावयात्रांच्या रोषणाईची यंत्रे आता कोण जुळवतो, हे पाहून यावे अशी संपादकांची सूचना होती. त्या निमित्ताने भोरच्या पेठेतील एका रोषणाईवाल्या तरुणाच्या घरी गेलो असता त्याने घरीच जुळवलेल्या लेझर प्रोजेक्टरमधील एका लहानशा काचेनेच मला खिळवून ठेवले.

लेझरचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. थिओडोर मेमन यांनी १९६० साली माणकाच्या स्फटिकातून तो प्रथम मिळवला आणि अवघ्या चार वर्षांत तुर्भे येथील अणुशक्ती संस्थेत अर्धवाहक लेझर तयार झाला. त्याच जातीचे तीन डायोड या घरगुती प्रोजेक्टरमध्ये बसवलेले आहेत: तांबडा ६३८, हिरवा ५२० आणि निळा ४५० नॅनोमीटर तरंगलांबीचा. या तिघांना एका रेषेवर आणण्याचे काम डायक्रोइक फिल्टर नावाच्या, नखाएवढ्या काचेकडे असते. तिच्यावर निर्वात पात्रात टायटॅनियम व सिलिकॉन यांच्या ऑक्साइडांचे एकाआड एक असे अतिसूक्ष्म थर चढवलेले असतात, आणि त्या थरांवरून परतणाऱ्या लहरी एका रंगापुरत्या परस्परांना बळ देतात, दुसऱ्यापुरत्या परस्परांचा लोप करतात. म्हणून ४५ अंशांत उभी केलेली तीच काच तांबड्याला वाट देते आणि हिरव्याला काटकोनात वळवून त्याच्या सोबतीला धाडते.

परंतु खरा हट्टी भाग म्हणजे या काचेची बैठक. एका टेकूवर ती तोललेली असते, स्प्रिंग तिला मागे ओढते आणि दोन बारीक स्क्रू तिला आडवे व उभे कलवतात. स्क्रूचा आटा अर्ध्या मिलिमीटरचा आणि टेकूपासूनचे अंतर २५ मिलिमीटर धरले, तर काच जितकी वळते त्याच्या दुप्पट किरण वळत असल्यामुळे, आडव्या स्क्रूच्या एका फेऱ्यात २० मीटरवरील भिंतीवरचा ठिपका ८० सेंटिमीटर सरकतो. स्क्रू एक अंश फिरला तरी दोन मिलिमीटरांहून अधिक! शिवाय फिल्टरपाशी एकत्र आलेले किरण भिंतीवर वेगळे पडतात आणि भिंतीवर जुळवावे तर फिल्टरपाशी त्यांची फारकत होते. जवळची चूक डायोडची बैठक सरकवून आणि दूरची चूक फिल्टर कलवून काढायची, हा क्रम दोन्ही चुका एकदम नाहीशा होईपर्यंत चालतो. तिन्ही रंगांचा मिळून कडेला झालर नसलेला पांढरा ठिपका उमटला, की तो तरुण एवढेच म्हणतो, "स्पॉट बसला."

तो बसलेला राहील याची मात्र हमी नाही. स्क्रू पक्का करतानाच किरण हलतो, डायोड तापले की ॲल्युमिनियमची पाटी प्रसरण पावते, तोरण्याच्या पायथ्याकडील रस्त्याचे धक्के उरलेले काम करतात आणि वेल्ह्याच्या पावसाळी हवेत काचेवर दव धरते. याहून मोठी चिंता डोळ्यांची आहे. ५०० मिलिवॅटच्या वरचा लेझर सर्वांत धोकादायक, म्हणजे चौथ्या वर्गात मोडतो. पापणी मिटायला सुमारे पाव सेकंद लागतो आणि दृष्टिपटल त्यापूर्वीच भाजते. म्हणून जुळवणी करताना प्रवाह अगदी मंद ठेवणे, फिल्टरच्या मागल्या बाजूने निसटणारा किरण काळ्या पाटीने अडवणे आणि त्या त्या तरंगलांबीचा चष्मा लावणे या तिन्ही गोष्टी अनिवार्य होत. २०२४ च्या गणेशोत्सवात पुणे पोलिसांना लेझर झोतांविरुद्ध मनाई हुकूम काढावा लागला, तो याच भयामुळे.

गावोगावच्या यात्रा कमिट्यांना व मंडळांना माझी विनंती आहे की, जेथे हुकूम आड येत नाही तेथेही सुपारी देताना किरण प्रेक्षकांच्या पायाखालच्या जमिनीपासून निदान तीन मीटर उंच राहील, अशी लेखी अट घालावी.