आधी पाय उठला की आधी चेंडू सुटला?

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये एक गोष्ट हटकून खटकते. सामन्याच्या सुरुवातीला ज्या पावलावर ट्रॅव्हलिंगची, म्हणजे चेंडू हातात घेऊन नियमबाह्य पाऊल टाकल्याची, शिट्टी वाजते, तेच पाऊल शेवटच्या मिनिटाला खपून जातं. प्रेक्षक पंचांना पक्षपाती ठरवून मोकळे होतात. मला मात्र खरी अडचण पंचांच्या नजरेची वाटते.

जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ मध्ये स्प्रिंगफील्डला हा खेळ शोधला, तेव्हाच्या १३ नियमांतच चेंडू घेऊन पळायला मनाई होती. पण वेगात असताना चेंडू हाती आला आणि खेळाडू थांबायला धडपडत असेल, तर सवलत होती. ती सवलत नेमकी किती, यावर आजही वाद होतात.

दोन्ही पाय टेकलेले असताना चेंडू पकडला, तर कोणताही एक पाय पिव्होट, म्हणजे खुंटा, करता येतो. खुंट्यावर जागच्या जागी फिरायचं, तो सरकवायचा नाही. पास किंवा शॉटसाठी तो उचलता येतो, मात्र चेंडू हातात असताना पुन्हा टेकवायचा नाही. ड्रिबल सुरू करताना नियम याहून कडक आहे: आधी चेंडू हातातून सुटला पाहिजे, मगच पिव्होट उठला पाहिजे.

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. खेळाडूचा डावा पाय पिव्होट आहे. उजव्या पायाने तो पुढे जायची हूल देतो, बचावपटू मागे सरकतो, आणि हा झेपावतो. डावी टाच उठते; तेवढं चालतं. मग चवडाही जमिनीवरून सुटतो आणि चेंडू अजून तळहातालाच असतो. हे ट्रॅव्हलिंग! पण ते पकडायला पंचाला तळहात आणि चवडा एकाच क्षणी दिसायला हवेत. त्यात पंचांना शिकवण असते ती बचावपटूवर नजर ठेवण्याची, कारण फाऊल तिथे होतात. कोर्टवर तीन पंच असले तरी प्रत्येकाचा टापू वेगळा. शिवाय ट्रॅव्हलिंगचा निर्णय रिप्ले पाहून बदलता येत नाही.

आपल्याकडे खेळणाऱ्यांचा गोंधळ आणखी वाढतो. आपण फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांनी खेळतो. त्यांत २०१७ पासून, पळताना चेंडू ताब्यात येताना टेकलेलं पाऊल मोजत नाहीत. त्यानंतर दोन पावलं मिळतात. अमेरिकन कॉलेजचा पूर्वापार हिशेब मात्र त्या टेकलेल्या पायालाच पिव्होट धरतो.

पंचांच्या नजरेतून निसटलेल्या अशाच एका पावलाचं उदाहरण: ५ एप्रिल १९९३, न्यू ऑर्लिन्स, अमेरिकन कॉलेज स्पर्धेचा अंतिम सामना. नॉर्थ कॅरोलायना ७३, मिशिगन ७१. कॅरोलायनाचा फ्री थ्रो हुकला आणि मिशिगनच्या ख्रिस वेबरने रिबाउंड घेतला. पास द्यायला वळला, थबकला, आणि त्याचा पिव्होट पाय सरळसरळ घसटला. शिट्टी वाजलीच नाही. तो चेंडू घेऊन पुढे गेला आणि ११ सेकंद उरले असताना टाइमआउट मागितला. संघाकडे एकही शिल्लक नव्हता. टेक्निकल फाऊल झाला, सामना ७७–७१ असा गेला.

लोकांच्या लक्षात राहिला तो टाइमआउट. शिट्टी वेळेवर वाजली असती, तरी चेंडू कॅरोलायनाकडेच गेला असता. पण विशीतल्या त्या मुलाच्या नावावर फक्त एक ट्रॅव्हलिंग लागलं असतं.