तिसरा माणूस कुठून येतो?

चिंचोटी फाट्यावर मुंबई-अहमदाबाद महामार्गातून एक रस्ता फुटतो आणि कामण, अंजूरफाटा करत भिवंडीला जातो. महामार्ग उत्तरेकडे चारोटीवरून गुजरातच्या दिशेने निघून जातो. चारोटीहून आत कासा, आणि तिथून पुढे दादरा-नगर हवेलीच्या सीमेलगत डहाणू तालुक्यातलं गडचिंचले. १६ एप्रिल २०२० च्या रात्री तिथे जमावाने दोन साधू आणि त्यांच्या गाडीचा चालक अशा तिघांना ठार मारलं. भिवंडीत मात्र १९९२ च्या डिसेंबरात, शेजारची मुंबई पेटलेली असताना, दंगल झाली नाही. वाढत जाणारं भांडण कुठल्या टप्प्यावर हाताबाहेर जातं आणि कशामुळे थांबतं, हे समजून घ्यायचं असेल, तर या दोन गावांचा विचार एकत्र करायला हवा.

सुरुवात अगदी साध्या भांडणापासून करू. फाट्यावर वाहनं तुंबलेली असतात, रिक्षा टेम्पोला घासते, दोघे खाली उतरतात. शब्दाने शब्द वाढतो. दोघांनाही विचारलं, तर प्रत्येक जण शपथेवर सांगेल, ‘त्याने सुरू केलं, मी फक्त तेवढंच उत्तर दिलं.’ आणि दोघेही खरंच बोलत असतात.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २००३ साली हे मोजून दाखवलं. दोन माणसांना समोरासमोर बसवलं. यंत्राच्या साहाय्याने एकाने दुसऱ्याच्या बोटावर दाब द्यायचा, दुसऱ्याने जाणवला तेवढाच परत द्यायचा. समोरच्याला काय सूचना आहे, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तरीही प्रत्येक फेरीत दाब सरासरी ३८ टक्क्यांनी वाढत गेला. या गतीने हिशोब केला, तर आठ फेऱ्यांत दाब तेरापट होतो! कारण असं, की आपल्या स्वतःच्या कृतीतून येणाऱ्या संवेदनेचा मेंदूला आधीच अंदाज असतो आणि तो ती कमी करून नोंदवतो. त्यामुळे स्वतःचा जोर कमी भासतो, दुसऱ्याचा पुरेपूर लागतो. बोटावरचा दाब आणि जिव्हारी लागलेला शब्द यांची यंत्रणा एकच आहे, असं या प्रयोगातून सिद्ध होत नाही. पण अमेरिकन मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमायस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये लोकांकडून भांडणांच्या हकिकती लिहून घेतल्या, तेव्हा असाच उलटा हिशोब दिसला. ज्याने दुखावलं, त्याच्या लेखी ती एक सुटी, सकारण, संपलेली घटना होती. जो दुखावला गेला, त्याच्या लेखी ती जुन्या मालिकेतली ताजी कडी होती आणि तिचा त्रास अजून चालू होता.

म्हणजे ‘जशास तसे’ हा न्याय दोघांनी प्रामाणिकपणे पाळला, तरी भांडण चढतच जातं. त्यात रक्तात अॅड्रेनलीन उसळलेलं असतं, छाती धडधडत असते, लक्ष समोरच्या एकाच चेहऱ्यावर खिळलेलं असतं. या अवस्थेतल्या माणसाला ‘जरा विचार कर’ म्हणून फारसं काही साधत नाही. विचार करू शकेल असा माणूस बाहेरूनच यावा लागतो.

आनंदाची गोष्ट ही, की तो बहुतेक वेळा येतो. रिचर्ड फिलपॉट आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये अॅमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केपटाउन या तीन शहरांतल्या रस्त्यांवरच्या कॅमेऱ्यांत टिपलेली २१९ भांडणं तपासली. दहापैकी नऊ भांडणांत बघ्यांपैकी निदान एक जण तरी मध्ये पडला होता. ‘शहरातली माणसं नुसती बघत उभी राहतात’ हा समज आपण उगाच कुरवाळत आलो आहोत. समाजशास्त्रज्ञ रँडल कॉलिन्स यांनी तर असंख्य चित्रफिती पाहून म्हटलं आहे, की बहुतेक तंटे आरडाओरडीतच विरतात, कारण समोरासमोर हात उगारताना माणसाला ताण आणि भीती जाणवते. हा अडथळा दोन परिस्थितींत हमखास मोडतो: भोवतीची गर्दी चिथावणी देत असेल तेव्हा आणि समोरचा एकाकी, असहाय असेल तेव्हा.

गडचिंचलेत दोन्ही होतं. टाळेबंदीचे दिवस होते. मुलं पळवणारे, अवयव काढून नेणारे रात्री फिरतात, अशा अफवा गावोगाव पसरल्या होत्या आणि लोक पहारे देत होते. थोडेच दिवस आधी त्याच परिसरात मदतीसाठी गेलेल्या एका डॉक्टरच्या गाडीवर हल्ला झाला होता. धोक्याची खूण इतकी स्पष्ट होती. त्या रात्री सूरतला अंत्यविधीसाठी निघालेले हे तिघे तिथे अडवले गेले. गावच्या महिला सरपंचांनी आपण जमावाला थोपवण्याचा प्रयत्न केला, असं नंतर सांगितलं. पोलीसही आले होते. तरीही माणसं वाचली नाहीत. मध्ये पडणारे होते, पण शेकडोंच्या जमावापुढे ते मूठभर होते, आणि तोवर अफवेने आपलं काम केलेलं होतं. दोनच वर्षांपूर्वी, १ जुलै २०१८ रोजी, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात अशाच अफवेने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांचा जीव घेतला होता. दोन्हीकडे मारले गेलेले लोक तिथल्या कुणाच्याच ओळखीचे नव्हते.

ओळख आधीपासून असेल तर काय होतं, हे भिवंडीने दाखवलं. हे यंत्रमागांचं गाव १९७० मध्ये शिवजयंतीच्या मिरवणुकीवरून पेटलं. न्यायमूर्ती मादन आयोगाने त्याची चौकशी केली. १९८४ मध्ये ते पुन्हा पेटलं. १९८८ मध्ये पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी मोहल्ल्यामोहल्ल्यांत हिंदू आणि मुस्लिम रहिवाशांच्या समित्या उभ्या केल्या. त्या सत्तरच्या आसपास होत्या. पोलीस आणि रहिवासी नियमित भेटू लागले. ही कल्पना फार मोलाची आहे, कारण या समित्यांचं काम दंगलीच्या दिवसापुरतं नव्हतं. रोजच्या, क्षुल्लक वाटणाऱ्या कुरबुरीही तिथे येत. अशा कुरबुरींतूनच कोण कुणाचं ऐकतो, कुणाच्या शब्दाला वजन आहे, हे सगळ्यांना कळतं. मग अफवा आली, की ती खरी का खोटी हे विचारायला पलीकडच्या वस्तीत एक ओळखीचं दार असतं. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत, श्रीकृष्ण आयोगाच्या नोंदीप्रमाणे, ९०० माणसं मेली. भिवंडी शांत राहिली. राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी भारतातल्या शहरांचा अभ्यास करून २००२ च्या आपल्या ग्रंथात मांडलं, की जिथे दोन समाजांचे लोक संघटना, व्यापार, समित्या अशा रोजच्या व्यवहारात बांधलेले असतात, तिथे ठिणगी पडूनही वणवा लागत नाही. भिवंडी हे त्यांचं एक ठळक उदाहरण आहे.

पण ओळखीची ही लस एकदा टोचून आयुष्यभर पुरत नाही. जुलै २००६ मध्ये याच भिवंडीत पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून वाद चिघळला. गोळीबारात दोन माणसं गेली आणि जमावाने दोन पोलिसांना मारलं. या वेळी भांडण लोक आणि पोलीस यांच्यात होतं, म्हणजे ज्यांनी मध्यस्थ व्हायचं, तेच एक पक्ष झाले होते.

राज्य सरकारने १५ ऑगस्ट २००७ पासून, आर. आर. पाटील गृहमंत्री असताना, महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. तिची समिती ग्रामसभेतून निवडली जाते. पण वसई-विरार पट्ट्यात २००९ मध्ये महापालिका आली, अनेक गावांच्या ग्रामपंचायती गेल्या, आणि त्यांच्यासोबत ग्रामसभाही गेली. याच पट्ट्यातल्या चिंचोटी फाट्याभोवती गाळे, गोदामं, चाळी वाढल्या. तिथे आज मराठी, आदिवासी, उत्तर भारतीय, दक्षिणी माणसं एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून राहतात, आणि शेजाऱ्याचं नाव विचारलं तर अनेकांना सांगता येणार नाही. महापालिकेच्या प्रत्येक प्रभागात, पोलीस ठाण्याच्या प्रत्येक बीटमध्ये, नळाच्या आणि पार्किंगच्या तक्रारींसाठी दर पंधरवड्याला बसणारी मिश्र समिती नेमायला कुठला नवा कायदा लागत नाही. खुर्च्या लागतात, शाळेची एक खोली लागते, आणि येऊन बसणारा बीटवरचा हवालदार लागतो. ही बैठक सणासुदीच्या बंदोबस्ताआधी नव्हे, तर ज्या महिन्यात काहीही घडत नाही अशा महिन्यात सुरू व्हायला हवी.