गाडीवरचा ॲम्प्लिफायर : अर्थ पक्की तर आवाज पक्का

गळिताचा हंगाम सुरू झाला की उसाचे ट्रॅक्टर गाणी लावूनच कारखान्याकडे निघतात. सकाळी ग्रामपंचायतीची घंटागाडी गाणे वाजवत गल्लीत येते. ग्रामसभेची दवंडी, पाणीपट्टीची वसुली, पल्स पोलिओचा दिवस, पीक विम्याची शेवटची तारीख, शिवारात बिबट्या दिसल्याची सूचना, हे सगळे आता गाडीवरच्या भोंग्यातून गावाला कळते. कृष्णा-पंचगंगेच्या काठच्या गावांनी २०१९ आणि २०२१ साली मोठे पूर पाहिले. अशा वेळी गावातली वीज बंद असते, मोबाइलची बॅटरी उतरलेली असते. मग बॅटरीवर चालणारा भोंगाच कामाला येतो.

म्हणजे ॲम्प्लिफायर आता नुसत्या हौसेची वस्तू राहिलेला नाही. तरीही तो बसवताना मात्र घाई होते. चार स्क्रू मारले, दोन वायरी जोडल्या, झालं काम! मग महिन्याभरात तक्रारी सुरू होतात. इंजिन चालू केले की भोंग्यातून 'कुईं' असा आवाज येतो, आवाज मोठा केला की ॲम्प्लिफायर बंद पडतो, सकाळी सेल्फ लागत नाही. आणि कधी वायर तापून जळते. शेजारी पाचट किंवा कडब्याची गंजी असेल तर पुढचे सांगायला नको. यातल्या बहुतेक तक्रारींचे मूळ दोन-तीन ठिकाणीच सापडते, आणि त्यात पहिला नंबर अर्थच्या जोडाचा आहे.

ही अर्थ विहिरीवरच्या मोटरीची नव्हे

अर्थ म्हटले की आपल्याला खड्डा खणून, मीठ-कोळसा घालून, पट्टी पुरून केलेली अर्थिंग आठवते. ती माणसाला शॉक बसू नये म्हणून असते. गाडीतली अर्थ वेगळी आहे. गाडीत बॅटरीची मायनस बाजू जाड पट्टीने चासीला किंवा इंजिनच्या बॉडीला जोडलेली असते. प्लसच्या वायरीतून निघालेला सगळा करंट काम करून याच लोखंडातून बॅटरीकडे परत येतो. म्हणजे अर्थ ही करंटची परतीची वाट आहे. जितका करंट गेला तितकाच परत आला पाहिजे.

पंपाचे उदाहरण घ्या. मोटर पाच हॉर्सपॉवरची, डिलिव्हरी पाइप नवा कोरा, पण फूटव्हॉल्व्ह गाळाने चोंदला असेल तर पाणी येईल का? तसेच इथे आहे. प्लसची वायर कितीही जाड टाका, अर्थ रंगावर किंवा गंजावर बसवली असेल तर करंट चोंदतो. मग तो दुसरी वाट शोधतो. टेपकडून येणाऱ्या बारीक सिग्नल वायरीच्या जाळीतून तो परत जाऊ लागतो. ती जाळी एवढ्या करंटसाठी नसते. ती तापते आणि टेपही निकामी होतो.

आधी करंटचा हिशोब करा

खोक्यावर ४००० वॅट लिहिलेले असते, त्यावर जाऊ नका. ॲम्प्लिफायरला स्वतःचा फ्यूज किती अँपिअरचा दिला आहे ते पाहा. खरी ताकद तिथे कळते. ३० अँपिअरचा फ्यूज असेल तर १२ व्होल्टवर तो फार तर ३६० वॅट खेचू शकतो. साध्या पद्धतीच्या ॲम्प्लिफायरमध्ये त्यातला निम्म्याच्या आसपास भाग आवाजात जातो, बाकीची उष्णता होते. म्हणजे खरा आवाज २०० वॅटच्या घरातला. नव्या 'क्लास डी' पद्धतीचे ॲम्प्लिफायर कमी करंटमध्ये तेवढाच आवाज देतात आणि कमी तापतात. दवंडीसाठी घ्यायचा असेल तर ही चौकशी जरूर करा.

आता देण्याची बाजू पाहू. बऱ्याच ट्रॅक्टरांचा अल्टरनेटर ३६ अँपिअरच्या आसपास असतो. दोन हेडलाइट १० अँपिअर घेतात. वर ३० अँपिअरचा ॲम्प्लिफायर पूर्ण आवाजात लावला तर खर्च ४० वर गेला. मग उरलेले बॅटरीतून जाते. उत्पन्नापेक्षा खर्च जास्त झाला की सोसायटीचे कर्ज वाढते, तसाच हा प्रकार. इंजिन बंद ठेवून वाजवायचे असेल तर आणखी सांभाळा. ८८ अँपिअर-अवरची चांगली बॅटरी १० अँपिअरने चालवली तर चार तासांत जवळजवळ निम्मी उतरते. त्यापुढे सेल्फची खात्री नाही. जुनी बॅटरी असेल तर त्याच्या आधीच हात टेकते.

वायर किती जाड?

इथे काटकसर महागात पडते. ३० अँपिअरच्या ॲम्प्लिफायरला घरातल्या दिव्याची १.५ चौरस मि.मी. वायर पाच मीटर लावली, तर १२ पैकी जवळजवळ २ व्होल्ट वाटेतच जातात. सुमारे ६० वॅटची उष्णता त्या वायरीत तयार होते. तेवढ्याच लांबीला ६ चौरस मि.मी. तांब्याची वायर लावली (दुकानात नुसते '६ एमएम' म्हणतात) तर गळती अर्ध्या व्होल्टवर येते. म्हणून ३० अँपिअरपर्यंत ६ एमएम आणि ५० अँपिअरपर्यंत १० एमएम हे माप धरा. अर्थची वायरही प्लसइतकीच जाड हवी, त्यात कमीजास्त नको.

बाजारात स्वस्त किटमध्ये तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर येते. एक तार ब्लेडने खरवडून पाहा. आत पांढरी निघाली तर ती तांब्याची नव्हे. तिला तेवढाच करंट वाहायला जास्त जाडी लागते.

फ्यूज बॅटरीजवळच

फ्यूज ॲम्प्लिफायरजवळ लावून काम भागत नाही. वायर मध्येच पत्र्याला घासून उघडी पडली, तर बॅटरीपासून त्या जागेपर्यंत सगळा करंट मोकाट वाहतो आणि वायर पेटते. म्हणून बॅटरीच्या प्लसपासून दीड फुटाच्या आत फ्यूज हवाच. ६ एमएम वायरीला ३० अँपिअरचा पुरे. फ्यूज उडाला म्हणून तार गुंडाळून वेळ मारून नेऊ नका. तो का उडाला ते आधी शोधा. वायर पत्र्याच्या भोकातून जात असेल तिथे रबरी बुश घाला आणि बाकीची वायर लवचिक पाइपातून न्या. सायलेन्सर, फॅन बेल्ट आणि डिझेलच्या नळीपासून ती लांब ठेवा.

अर्थ अशी करा

१. सुरुवातीलाच बॅटरीची मायनस केबल सोडवा. काम संपल्यावर ती सर्वांत शेवटी जोडा. प्लसच्या नटावर पाना असताना त्याचे दुसरे टोक बॉडीला लागले तर मोठी ठिणगी उडते, आणि बॅटरीवर पेट घेणारा वायू असू शकतो.

२. जागा चासीची किंवा इंजिन-गिअरबॉक्सच्या बॉडीची घ्या. बॅटरीची मूळ पट्टी जिथे बसते तिच्या जवळपासची जागा उत्तम. ट्रॅक्टरचे मडगार्ड, छताचा पाइप, सीटची पट्टी या जागा टाळा. त्यांच्या सांध्यात रंग, गंज आणि माती असते.

३. ब्रेकचे, स्टेअरिंगचे, सीटबेल्टचे आणि डिझेल टाकीचे बोल्ट यासाठी कधीही सोडवू नका.

४. लग बसेल तेवढी जागा पॉलिश पेपरने घासून लोखंड पांढरे चकचकीत करा. खरे काम इथेच आहे. रंगावर कितीही घट्ट आवळले तरी अर्थ लागत नाही.

५. वायरीला तांब्याचा लग दाबून बसवा. नुसती तार बोल्टभोवती गुंडाळू नका. लग, दातेरी वॉशर आणि नट असे घट्ट आवळा. पत्र्यात घुसणारा स्क्रू हादऱ्याने सैल होतो, म्हणून आरपार बोल्टच वापरा.

६. आवळून झाल्यावर वरून व्हॅसलिन किंवा ग्रीस लावा, म्हणजे पाणी शिरून गंज धरणार नाही. आधी ग्रीस आणि मग लग, असे करू नका.

७. अर्थची वायर आखूड ठेवा. दीड ते दोन फुटांत काम झाले तर फार चांगले.

ट्रॉलीत ॲम्प्लिफायर ठेवून ट्रॉलीच्याच सांगाड्याला अर्थ देणारे बरेच जण आहेत. हे चुकीचे आहे. ट्रॉली आणि ट्रॅक्टर यांचा संबंध फक्त हूकच्या पिनेतून असतो. तिथे ग्रीस, गंज आणि सततचा हादरा. मग कधी करंट जातो, कधी जात नाही, कधी ठिणगी पडते, आणि ट्रॉलीत पाचट असते. ट्रॉलीत भोंगे ठेवायचेच असतील तर ॲम्प्लिफायर ट्रॅक्टरवर ठेवा आणि मागे फक्त स्पीकरच्या वायरी न्या. स्पीकरची मायनस वायरही बॉडीला लावू नका. आजच्या बऱ्याच ॲम्प्लिफायरना ते चालत नाही, आतला भाग जळतो.

जागा आणि बैठक

ॲम्प्लिफायरला उष्णता, पाणी, धूळ आणि हादरा हे चार वैरी. इंजिनच्या झोतात, सायलेन्सरजवळ किंवा गाडी धुताना पाणी उडेल अशा जागी तो बसवू नका. त्याच्या पंख्यांना, म्हणजे खाचा पाडलेल्या ॲल्युमिनियमच्या भागाला, चारही बाजूंनी दोन-तीन बोटे हवा हवी. पोत्यात गुंडाळून किंवा सीटखाली चिंध्यांत कोंबून ठेवला तर तो तापून बंद पडणारच. स्पीकरच्या खोक्यावरही ठेवू नका, तिथल्या धक्क्याने आतले टाके सुटतात.

प्लायवुडची फळी रबरी बुश घालून गाडीला बसवा आणि फळीवर ॲम्प्लिफायर स्क्रूने बसवा. यात दोन फायदे आहेत. हादरा कमी होतो, आणि ॲम्प्लिफायरचा पत्रा गाडीच्या पत्र्याला लागत नाही. अर्थ एकाच वायरीतून गेली पाहिजे, स्क्रूमधून दुसरी चोरवाट नको. भोक पाडण्याआधी पत्र्याच्या मागे टाकी, ब्रेकची नळी किंवा वायरिंग नाही ना, हे हात घालून बघा.

'कुईं' आवाज येत असेल तर

इंजिनच्या वेगाबरोबर चढणारा-उतरणारा आवाज हा अल्टरनेटरचा. टेपची अर्थ एका ठिकाणी, ॲम्प्लिफायरची दुसऱ्या ठिकाणी आणि त्यातली एक कच्ची, असे असले की तो येतो. दोन्हीच्या अर्थ एकाच स्वच्छ बोल्टवर आणा. सिग्नलची वायर गाडीच्या एका बाजूने आणि बॅटरीची जाड वायर दुसऱ्या बाजूने न्या. बहुतेक वेळा एवढ्याने काम होते.

अर्थ पक्की झाली की नाही ते मीटरने कळते. इंजिन चालू ठेवा, आवाज मोठा करा. मीटर डी.सी. व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरे ॲम्प्लिफायरच्या अर्थच्या स्क्रूला लावा. ०.२ व्होल्टच्या आत दाखवले तर जोड चांगला. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दाखवले तर पुन्हा घासा. मीटर नसेल तर अर्धा तास वाजवून जोडाला हात लावून पाहा. जोड गरम लागला तर तो कच्चा आहे.

या गाड्यांना नियम वेगळे

मोठ्या टेम्पो-ट्रकमध्ये दोन बॅटऱ्या मिळून २४ व्होल्ट असतात. त्यातल्या एकीवरच १२ व्होल्टचा ॲम्प्लिफायर लावला तर एक बॅटरी उतरते, दुसरी जास्त चार्ज होते आणि दोन्ही लवकर जातात. २४ वरून १२ करणारा कन्व्हर्टर घ्या. इ-रिक्षा पद्धतीच्या घंटागाडीत साधारण ४८ व्होल्टची बॅटरी असते. तिथेही कन्व्हर्टर लागतो, आणि बॅटरीची मायनस चासीला जोडलेली असेलच असे नाही. अशा गाडीत प्लस-मायनस दोन्ही वायरी कन्व्हर्टरपासूनच न्या. फार जुन्या इंग्रजी बनावटीच्या काही ट्रॅक्टरांत प्लस बाजू बॉडीला असे. तसा ट्रॅक्टर कुणाकडे असेल तर आधी बॅटरीची कोणती बाजू बॉडीला गेली आहे ते पाहा.

आवाज किती, कधी

ध्वनी प्रदूषण नियम, २००० प्रमाणे ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत तो उघड्यावर वाजवता येत नाही. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी दवंडीच्या गाडीची परवानगी आधीच घेऊन ठेवावी.

ऊस वाहणाऱ्या चालकांना वेगळे सांगायचे आहे. मागे दोन ट्रॉल्या, अंधारी रात्र, आणि कानाशी भोंगा. अशा वेळी मागच्या एस.टी.चा हॉर्न ऐकू येत नाही, ट्रॉलीचा टायर फुटलेलाही कळत नाही. रस्त्यावर आवाज इतकाच ठेवा की हॉर्न कानावर आला पाहिजे. घरी तुमची वाट पाहणारे आहेत.

हंगामाआधी एवढे तपासा

अर्थचा बोल्ट घट्ट आहे का? जोडावर गंज नाही ना? फ्यूज बॅटरीजवळ आणि योग्य मापाचा आहे का? वायर कुठे घासली आहे का? चावी काढल्यावर ॲम्प्लिफायरचा दिवा विझतो का? दिवा विझत नसेल तर रिमोटची बारीक वायर थेट बॅटरीला जोडलेली असणार. ती टेपकडून किंवा चावीकडून घ्या, नाही तर रात्रभरात बॅटरी उतरेल.

हे काम गावातल्या बॅटरीवाल्याकडून करून घेतले तरी शेजारी उभे राहून अर्थची जागा घासून घ्या. पॉलिश पेपरचा तुकडा, एक दातेरी वॉशर आणि दहा मिनिटे, एवढाच खर्च आहे.