नवा गडी, नवं राज्य... पण आधी पारख!

बालमित्रांनो, गल्लीत क्रिकेट रंगात आलंय आणि एक नवा गडी येऊन म्हणतो, "मी खेळतो, पण मला एक टप्प्यावर आऊट द्यायचं नाही. आणि माझा प्रत्येक फटका डबल!" तुम्ही काय कराल? घ्याल त्याला? "चल, फूट!" असंच म्हणाल, हो ना?

आता दुसरा गडी येतो. तो म्हणतो, "मी डावखुरा आहे. माझ्यासाठी फिल्डिंग बदलावी लागेल, चालेल का?" याला मात्र तुम्ही आनंदाने घ्याल. दोघेही नवे, दोघांमुळेही खेळ बदलणार. मग एकाला नाही आणि दुसऱ्याला हो, असं का? या साध्या प्रश्नावर जगभरातले हजारो खेळाडू डोकं खाजवत बसतात. त्यांचा खेळ मात्र मैदानावरचा नाही, टेबलाभोवती बसून खेळायचा आहे.

खेळ आहे तरी कसा?

या खेळाचं नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी तो आणला. एका खोक्यात तीन छोट्या पुस्तिका, आणि पहिल्या खेपेला छापल्या फक्त १,००० प्रती! आज या जातीच्या खेळांना 'रोल-प्लेइंग गेम' म्हणतात. रोल म्हणजे भूमिका. चार-पाच जण एकेका वीराची भूमिका घेतात आणि एक जण सूत्रधार होतो. सूत्रधार सांगतो, "समोर पडका किल्ला आहे, दाराशी राक्षस झोपलाय." वीर सांगतात, "आम्ही मागच्या भिंतीवरून चढतो." जमलं की फसलं, हे ठरवतो वीस बाजूंचा फासा.

प्रत्येक वीराचा एक पेशा असतो. कोणी लढवय्या, कोणी जादूगार, कोणी कुलपं उघडणारा चलाख भामटा. खेळ जिंकायचा नसतो, गोष्ट पुढे न्यायची असते. म्हणून इथे एक गोष्ट फार मोलाची: पंगतीत बसलेल्या प्रत्येकाच्या पानात काहीतरी पडलं पाहिजे.

पुरवणी म्हणजे काय?

परीक्षेत उत्तरपत्रिका संपली की आपण पुरवणी मागतो, बरोबर? इथेही तसंच. मूळ नियमांच्या पुस्तकातले पेशे खेळून झाले की खेळाडूंना नवे हवे असतात. ते पुरवणी-पुस्तकात मिळतात. गंमत म्हणजे सगळ्या पुरवण्या मूळ कंपनी काढत नाही. 'जजेस गिल्ड' नावाची बाहेरची मंडळी १९७६ पासूनच अशी पुस्तकं काढू लागली होती. २००० साली मूळ कंपनीने एक खुला परवाना दिला आणि मग बाहेरच्या पुस्तकांचा पूरच आला. २०२३ च्या जानेवारीत कंपनीने हा परवाना बदलायचं ठरवलं, तेव्हा खेळाडूंनी इतका गदारोळ केला की कंपनीला माघार घ्यावी लागली. पाठोपाठ मूलभूत नियमच सर्वांना वापरायला खुले झाले.

म्हणजे आज कोणीही पुरवणी लिहू शकतो. अगदी तुम्हीसुद्धा! पण कोणीही लिहू शकतो, तिथे पारखणारा हुशार हवा. चला तर, एक खराखुरा नमुना घेऊन पारखू या.

पहिली कसोटी : काट्यावर घाला

मॅथ्यू मर्सर हे अमेरिकेतले आवाजाचे कलाकार, आणि नावाजलेले सूत्रधारही. त्यांनी 'ब्लड हंटर' नावाचा पेशा तयार केला. हा शिकारी स्वतःची थोडी शक्ती गमावतो आणि त्या बदल्यात त्याच्या तलवारीला जादूची धार चढते. नाव ऐकून काही जण म्हणतात, "बापरे, फारच जबरदस्त!" तर काही म्हणतात, "छे, हा तर स्वतःलाच जखमी करणार!" दोघांचंही ऐकू नका. पाटी-पेन्सिल घ्या.

आधी एक युक्ती. फाशाची सरासरी कशी काढायची? सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा मिळवा, दोनाने भागा. चार बाजूंचा फासा : १ अधिक ४, भागिले २, म्हणजे २.५. आठ बाजूंचा ४.५. दहा बाजूंचा ५.५. झालं!

आता दुसऱ्या पातळीचे दोन वीर शेजारी उभे करा. एक ब्लड हंटर (२०२० च्या आवृत्तीतला) आणि एक जुना, सर्वांच्या ओळखीचा लढवय्या (२०१४ च्या नियमांतला). दोघांच्या हातात तीच तलवार, अंगात तीच ताकद, शिक्षणही तेच. वार बसला तर सरासरी घाव ९.५ गुणांचा. राक्षसाला लागायला वीस बाजूंच्या फाशावर ८ किंवा जास्त हवेत असं धरू. ८ ते २० हे झाले १३ आकडे. म्हणजे २० पैकी १३ वार लागणार.

समजा, एका विसाव्यापासून दुसऱ्या विसाव्यापर्यंत दोघांना ८-८ वार करायला मिळाले. त्यांतले लागणार सरासरी ५.२.

ब्लड हंटर : प्रत्येक लागलेल्या वाराला २.५ गुण जादा. ५.२ गुणिले २.५ म्हणजे १३. त्यासाठी त्याने स्वतःचे सरासरी २.५ गुण एकदाच गमावले. हातातून तलवार खाली ठेवली नाही, तर पुन्हा गमवावे लागत नाहीत.

लढवय्या : त्याला विसाव्यामागे एकदा जादा वार मिळतो. ९.५ चे वीसातले तेरा भाग, म्हणजे साधारण ६. शिवाय दम खाऊन तो एकदा स्वतःचे सरासरी ७.५ गुण भरून काढतो. बेरीज साडेतेराच्या आसपास. वर त्याला जड चिलखतही चालतं, जे ब्लड हंटरला चालत नाही. ब्लड हंटरच्या पदरात मात्र एक शाप देण्याची विद्या आहे.

पाहिलंत? तराजू जवळजवळ सारखा! 'बापरे'ही खोटं आणि 'छे'ही खोटं.

पण थांबा. विसाव्याआधी ८ ऐवजी १६ वार करायला मिळाले तर? ब्लड हंटरचे १३ चे होतात २६. लढवय्याचा जादा वार आणि दम मात्र तेवढेच राहतात. म्हणजे ज्या टेबलावर लांबच लांब लढाया होतात, तिथे नवा गडी भारी पडेल. जिथे वरचेवर विसावा मिळतो, तिथे जुना. म्हणून "हा पेशा चांगला आहे का?" हा प्रश्नच अर्धा आहे. पूर्ण प्रश्न असा : "आमच्या टेबलावर हा कसा बसेल?"

दुसरी कसोटी : आकड्यात न मावणारं

सगळंच काही काट्यावर चढत नाही. २०१५ साली मूळ कंपनीच्याच एका पुरवणीत 'आराकोक्रा' नावाची पक्षीमाणसं खेळाडूंना मिळाली. ती पहिल्या पातळीपासूनच उडू शकतात. घावाचे गुण मोजाल तर त्यांच्यात विशेष काही नाही. पण विचार करा, सूत्रधाराने मेहनतीने खंदक रचला, तुटका पूल रचला, उंच भिंत रचली. बाकीचे चौघे दोर बांधताहेत, फळ्या टाकताहेत, आणि हा भुर्रकन पलीकडे! म्हणूनच बरेच सूत्रधार सुरुवातीच्या पातळ्यांना उडणारा वीर नको म्हणतात.

तेव्हा विचारा : हा नवा वीर अडचण *सोडवतो*, की अडचण *पुसूनच टाकतो*? सोडवणारा हवा. पुसणारा आला की गोष्टीतली मजाच जाते.

तिसरी कसोटी : दुसऱ्याचं पान ओढतो का?

ही सर्वांत मोठी कसोटी, बरं का. तुमच्या गटात एक जण चलाख भामटा आहे. कुलूप दिसलं की सगळे त्याच्याकडे बघतात, तोही ऐटीत पुढे येतो. आता पुरवणीतला नवा वीर कुलपंही उघडतो, जखमाही बऱ्या करतो, तलवारही चालवतो आणि तेही इतरांपेक्षा सरस. मग बाकीच्यांनी काय हाताची घडी घालून बसायचं?

शाळेच्या मधल्या सुट्टीत तुम्ही हे पाहिलंच असेल. एकच जण बॅटिंग करत राहिला की बाकीचे हळूहळू पांगतात. भांडण होत नाही, कोणी रडत नाही. दुसऱ्या दिवशी दोघं येतच नाहीत, एवढंच. टेबलावरचा खेळही असाच मोडतो. नियमाचं पुस्तक नवीन आणता येतं, पांगलेले मित्र परत गोळा करणं अवघड असतं.

चांगला नवा पेशा एका कामात वरचढ असतो आणि दुसऱ्या कामात त्याला मित्रांची गरज लागते. उणीव नसलेला वीर दिसला, तर सावध व्हा.

चौथी कसोटी : डोकं चालवावं लागतं का?

प्रत्येक पाळीला तेच ते करायचं असेल, तर वीर कितीही बलवान असो, तिसऱ्या दिवशी कंटाळा येतो. ब्लड हंटरचं हे बरं आहे. आत्ता गुण गमावू की पुढच्या लढाईसाठी राखू, हा विचार त्याच्या खेळाडूला करावाच लागतो. अशी निवड आहे का, ते पाहा.

आणि नियमांची भाषाही तपासा. "हा वीर शत्रूला घाबरवू शकतो" असं मोघम लिहिलंय, की किती वेळा, किती अंतरावरून आणि किती वेळ, हे स्पष्ट दिलंय? मोघम नियमातून भांडणं उगवतात.

शिक्का पाहून भुलू नका

"कंपनीचं आहे म्हणजे उत्तम, बाहेरचं आहे म्हणजे टाकाऊ" असं काही जण धरून चालतात. तसं नसतं. मूळ पुस्तकाच्या २०१४ च्या आवृत्तीत रानात भटकणारा 'रेंजर' होता. त्याच्या एका प्रकाराला पाळीव प्राणी मिळायचा, पण सुरुवातीला प्राण्याने हल्ला करायचा तर रेंजरला स्वतःचा वार सोडावा लागे. जोडीला दोघे, पण काम एकाचंच! खेळाडूंच्या तक्रारी वाढल्या आणि २०१६ साली कंपनीने स्वतःच सुधारित रेंजर चाचणीसाठी दिला. दुसरीकडे, मर्सर यांनीही आपला ब्लड हंटर खेळाडूंचं ऐकून वेळोवेळी दुरुस्त केला. आतला असो की बाहेरचा, चांगला कारागीर तोच, जो केलेलं काम पुन्हा तपासतो.

मग 'नाही' कसं म्हणायचं?

मित्राने हौसेने नवा वीर आणला आणि तो कसोटीला उतरला नाही, तर? "नाही म्हणजे नाही" म्हणू नका. म्हणा, "तीन वेळा खेळून पाहू. मग सगळे मिळून ठरवू. एखादा आकडा कमी करावा लागला तर चालेल ना?" हे खेळाच्या आधीच ठरवायचं. मध्येच नियम बदलला, तर कोणालाही वाईट वाटणारच.

पालकांसाठी दोन शब्द

पुरवणी मुलांच्या हाती देण्याआधी एकदा चाळा. काही पुस्तकं मोठ्यांसाठी लिहिलेली असतात. स्वतःला जखम करून शक्ती मिळवायची, ही कल्पना लहानांसाठी नको वाटली, तर तसं सांगायला हरकत नाही. आकडे तेच ठेवून वर्णन बदलता येतं : रक्ताऐवजी 'मंत्र म्हटल्याने थकवा येतो' म्हटलं की झालं! खर्चाचंही दडपण नको. मूलभूत नियम मोफत मिळतात. कागद, पेन्सिल आणि थोडे फासे पुरतात. आणि सरासरी, अपूर्णांक, शक्यता यांचा सराव मुलं न सांगता करतात, तो वेगळाच.

करून पाहा

१. एका वीराची कुऱ्हाड : बारा बाजूंचा एक फासा. दुसऱ्याची मोठी तलवार : सहा बाजूंचे दोन फासे. सरासरी घाव कोणाचा जास्त?

२. नवी विद्या : वीस बाजूंचा फासा दोनदा टाका, मोठा आकडा धरा. ११ किंवा जास्त हवे असतील, तर शक्यता ५० टक्क्यांवरून किती होते?

३. 'अ' वीराला प्रत्येक लागलेल्या वाराला ३ गुण जादा. 'ब' वीराला विसाव्यामागे एकदाच, हमखास २० गुण जादा. विसाव्याआधी ८ वार मिळाले तर कोण सरस? १६ मिळाले तर? (२० पैकी १३ वार लागतात असं धरा.)

हे जमलं की एक स्वतःचा पेशा रचा. एक बळ, एक उणीव, आणि एक असं काम, ज्यासाठी त्याला मित्राला हाक मारावीच लागेल. मग तो मित्रांपुढे ठेवा आणि त्यांनाच पारखू द्या. मग, करणार ना?

*उत्तरे :* १. तलवारीचा (७, कुऱ्हाडीचा ६.५). २. ७५ टक्के, दोन्ही फासे फसण्याची शक्यता चारात एक. ३. ८ वारांत 'ब' (२०, 'अ' चे १५.६). १६ वारांत 'अ' (३१.२, 'ब' चे २०च).