इंजिनाचे वजन गेले कुठे?

रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर या बाजूच्या गावांतून हिंडताना एखाद्या वाड्याच्या अंगणात, कडुनिंबाच्या सावलीत, जुनी जीप उभी दिसते. कधी मागे माल ठेवायला हौदा लावलेली पिकअप असते. तिच्या पाटीवर अकोल्याची एम. एच. ३० ही अक्षरे असली, तर गाडी बहुधा वाशीम जिल्हा होण्यापूर्वीची समजावी. हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी झाला आणि पुढे त्याला एम. एच. ३७ ही अक्षरे मिळाली.

महिंद्र कंपनीने विलीज जीपची जुळणी आपल्याकडे १९४० च्या दशकाच्या अखेरीस सुरू केली. या जीपमध्ये पेट्रोलवर चालणारे, सुमारे २.२ लिटर क्षमतेचे चार सिलिंडरांचे इंजिन असे. १९७३-७४ मध्ये जगात खनिज तेलाचे भाव जवळजवळ चौपट झाले. मग पुष्कळ मालकांनी पेट्रोलचे इंजिन उतरवून तेथे डिझेलचे बसवले. (आज असा बदल करायचा, तर परिवहन कार्यालयाची परवानगी आणि नोंदणी पुस्तकात नोंद लागते.) दुरुस्तीसाठी इंजिन उतरवणे तर चालूच असते, आणि त्याला मोठा कारखाना लागतो असेही नाही. जाणता मेकॅनिक, दोन मदतनीस आणि एक चेन-पुली एवढ्यावर ते अंगणात होते.

विद्यार्थिमित्रांनो, हे काम तुम्ही स्वतः करायचे नाही. पण ते चालले असेल तर लांब उभे राहून जरूर पाहा. भौतिकशास्त्राचे निम्मे पुस्तक तेथे तुमच्यासमोर टांगलेले असते.

क्लच आणि फ्लायव्हील धरून असे इंजिन हिशेबासाठी २०० किलोचे समजू. बाजार समितीत दोन क्विंटल तूर तोलतात तेवढा हा भार. तो उचलायला चार गडी लागतील. पण बॉनेटखालच्या अडचणीत चौघांना उभे राहायला जागा कुठली? म्हणून एकच माणूस साखळी ओढतो आणि इंजिन वर येते. बघणाऱ्याला वाटते, साखळीने वजन कमी केले. खरी फसगत येथेच होते.

मोटेचे चाक आठवा. पाण्याने भरलेली मोट वर येते ती एका स्थिर कप्पीवरून. ही कप्पी बळाची दिशा बदलते, बळ वाचवत नाही. २०० किलोचे इंजिन अशा एकाच कप्पीवरून उचलायचे, तर दोर खाली ओढायलाही २०० किलोचाच जोर लागेल. आता ज्या फांदीला कप्पी बांधली आहे, तिचा विचार करा. एका बाजूला इंजिन २०० किलोने खाली ओढते, दुसऱ्या बाजूला माणसे २०० किलोने खाली ओढतात. फांदीवर भार पडला ४०० किलोचा!

चेन-पुलीने ओढणाऱ्याचे कष्ट वाचतात. तिची जुनी आणि समजायला सोपी जात म्हणजे वेस्टन नावाच्या इंग्रज संशोधकाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास काढलेली भेदी कप्पी. हिच्या वरच्या भागात एकमेकांना घट्ट जोडलेली दोन चाके असतात, एक किंचित मोठे व एक किंचित लहान. समजा, मोठ्या चाकावर साखळीच्या कड्या बसायला १० खाचा आहेत आणि लहानावर ९. चाके एकदा फिरली, की एकीकडून १० कड्या वर जातात आणि दुसरीकडून ९ कड्या खाली येतात. भार ज्या झोळात लोंबतो तो झोळ एका कडीने आखूड झाला. झोळाला दोन बाजू असल्याने भार चढला फक्त अर्धी कडी. ओढणाऱ्याने ओढल्या १० कड्या. म्हणजे यांत्रिक लाभ झाला वीसपट, आणि २०० किलोसाठी १० किलोचा जोर पुरावा. त्याची किंमत अशी, की इंजिन एक मीटर वर न्यायला २० मीटर साखळी ओढावी लागते.

प्रत्यक्षात १० किलो पुरत नाहीत. साखळी आणि चाके यांच्या घर्षणात निम्म्याहून अधिक कार्य वाया जाते. कार्यक्षमता शेकडा ४० धरली तर जोर लागतो २५ किलोचा. पण हा तोटा वाईट मानू नका. घर्षणात निम्म्याहून अधिक कार्य जाते, म्हणूनच हात सोडला तरी भार आपोआप खाली घसरत नाही. पाठ्यपुस्तकात घर्षणाला शत्रू म्हणून रंगवतात. येथे मेकॅनिकच्या पायाची राखण तोच करतो. आजच्या चेन-पुलीत दातेरी चाके असतात, त्यांत घर्षण कमी. म्हणून तिला वेगळा ब्रेक आणि खटका बसवावा लागतो. साखळी ओढताना टक् टक् असा आवाज येतो तो त्या खटक्याचा.

ओढणाऱ्याच्या हाताला २५ किलो जाणवले, मग उरलेले वजन गेले कुठे? कुठेच गेले नाही. इंजिनाचे २०० आणि हाताचे २५, असे २२५ किलो, शिवाय चेन-पुलीचे स्वतःचे वजन, सारे वरच्या आधारावर आहे. हात हलका झाला, पण फांदी हलकी झाली नाही.

कडुनिंबाच्या फांदीवर विसंबणे मला पसंत नाही ते यासाठीच. भार बुंध्यापासून दुप्पट लांब टांगला, तर फांदी बुंध्याशी दुप्पट वाकवली जाते. जाडीचा हिशेब तर फार कठोर आहे. निम्म्या जाडीच्या फांदीची वाकण्याविरुद्धची ताकद निम्मी नव्हे, एक अष्टमांश असते. त्यातून आतून किडलेली किंवा पोकळ फांदी बाहेरून ओळखू येत नाही. त्यापेक्षा लोखंडी पाइपांची मजबूत तिवई बरी. तिचे पाय पसरू पाहतात, म्हणून ते खाली साखळीने एकमेकांना बांधतात. आपल्या भागातील काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात लोण्यासारखी मऊ होते. पाइपाच्या टोकाचे क्षेत्रफळ २० चौरस सेंटिमीटर असले, तर एका पायावरच्या सुमारे ७५ किलोंचा दाब दर चौरस सेंटिमीटरला पावणेचार किलो होतो. त्याखाली ३० सेंटिमीटर लांबरुंद जाड फळी ठेवली, की तोच दाब पंचेचाळीसपट कमी होतो.

आता गाडीकडे वळू. बॅटरीची जी वायर गाडीच्या सांगाड्याला जोडलेली आहे ती आधी सोडतात. दुसरी आधी सोडायला गेलो आणि पाना चुकून पत्र्याला लागला, तर विद्युत्‌मंडल पूर्ण होऊन ठिणग्या उडतात, आणि जवळच पेट्रोलची नळी असते. रेडिएटरचे पाणी इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच काढायचे. मग रेडिएटर, पुढची जाळी, नळ्या, तारा. शहाणा मेकॅनिक प्रत्येक तारेला खुणेची चिंधी बांधतो. शेवटी गिअरपेटीशी जोडणारे बोल्ट आणि इंजिन ज्या रबरांवर बसते त्यांचे बोल्ट सोडतात. गिअरपेटीचा दांडा क्लचमध्ये शिरलेला असल्यामुळे इंजिन एकदम वर ओढता येत नाही. गिअरपेटीला खालून टेका देऊन इंजिन आधी आडवे, सरळ पुढे सरकवावे लागते.

ते सरळ राहण्यासाठी हूक गुरुत्वमध्याच्या बरोबर वर हवा. नाही तर गुरुत्वमध्य हुकाखाली येईपर्यंत इंजिन कलते आणि दांडा अडकतो. हे शाळेत करून पाहा. वाशीम जिल्ह्याचा नकाशा पुठ्ठ्यावर काढून कापा. कडेला दोन ठिकाणी भोके पाडा. एकेका भोकातून पुठ्ठा टाचणीवर टांगा आणि त्याच टाचणीला ओळंबा सोडून रेघ मारा. दोन रेघा जेथे छेदतील तो जिल्ह्याच्या पुठ्ठ्याचा गुरुत्वमध्य. कोणत्या तालुक्यात येतो ते पाहा.

इंजिनाला दोन ठिकाणी बांधलेली साखळी हुकात अडकवतात. ती आखूड घ्यावी की लांब? दोन्ही बाजूंमध्ये ६० अंशांचा कोन असला, तर प्रत्येकीत ११५ किलोचा ताण येतो. ९० अंशांना १४१, १२० अंशांना पूर्ण २००, आणि १५० अंशांना ३८६! साखळी जितकी आखूड तितकी ती पसरट होते आणि तुटण्याच्या जवळ जाते.

साखळी ओढू लागल्यावर आधी जीपचे नाक वर येते. पुढच्या पाट्यांवरचा भार कमी होत असतो. इंजिन आणि सांगाडा यांच्यात फट दिसू लागली, तर ठीक. दोघे मिळून चढतच राहिले, तर कुठला तरी बोल्ट राहून गेला आहे. तेव्हा थांबून तो शोधायचा, जोर वाढवायचा नाही.

इंजिन पुरेसे वर आले, की ते बाजूला ओढत नाहीत. लोंबता भार ओढल्यास तिवई कलंडू शकते. इंजिन तेथेच ठेवून गाडी मागे ढकलतात. एवढ्या वेळात कोणीही खाली वाकायचे नाही, हात घालायचा नाही. अर्ध्या मीटरवरून सुटलेला भार ०.३२ सेकंदात जमिनीवर येतो. त्यातला बराचसा वेळ डोळ्यांनी पाहून मेंदूने हुकूम सोडण्यातच जातो. पाय काढायला वेळ उरत नाही.

खाली आधीच एक जुना टायर ठेवलेला असतो. तळाचे ऑइल चेंबर पातळ पत्र्याचे असल्याने ते नुसत्या जमिनीवर टेकवत नाहीत. इंजिन हळूहळू उतरून टायरवर बसते, दोन्ही बाजूंना लाकडी टेके लागतात, आणि साखळी पूर्ण सैल पडल्याचे दिसले, की मगच हूक काढतात.