भाजलेल्या रुग्णांमधील सेप्सिस

भाजलेल्या रुग्णांमधील सेप्सिस ही जंतुसंसर्गाला शरीराने दिलेल्या अनियंत्रित प्रतिसादामुळे उद्भवणारी, अवयव निकामी करू शकणारी जीवघेणी अवस्था होय. सुरुवातीच्या दिवसांतील जलन्यूनतेच्या संकटातून वाचलेल्या रुग्णांच्या मृत्यूचे हे एक प्रमुख कारण आहे.

कारणे

त्वचा जंतूंना शरीराबाहेर रोखते. ती जळाल्यावर जखमेवर मृत ऊतींचा थर उरतो. त्यास रक्तपुरवठा नसल्याने तेथे जंतू वाढतात आणि शिरेतून दिलेली प्रतिजैविके नीट पोहोचत नाहीत. स्टॅफिलोकॉकस ऑरियस, स्यूडोमोनास एरुजिनोसा, ॲसिनेटोबॅक्टर हे जीवाणू व कँडिडा ही बुरशी यांचा संसर्ग विशेषत्वाने आढळतो. शिरेतील व मूत्रमार्गातील नळ्या, तसेच धुराने इजा झालेली फुप्फुसे हेही संसर्गाचे मार्ग ठरतात.

निदानातील अडचण

मोठ्या प्रमाणावर भाजलेल्या रुग्णास संसर्ग नसतानाही अनेक दिवस ताप असतो, तसेच नाडी व श्वास जलद राहतात. त्यामुळे सेप्सिसची नेहमीची लक्षणे येथे फसवी ठरतात. म्हणून अमेरिकन बर्न असोसिएशनने २००७ मध्ये स्वतंत्र निकष प्रसिद्ध केले.

लवकर ओळखण्याच्या खुणा

या निकषांनुसार प्रौढ रुग्णात पुढीलपैकी किमान तीन बाबी आढळल्यास सेप्सिसचा संशय घेऊन संसर्गाचा शोध घेतला जातो :

• तापमान ३९ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक किंवा ३६.५ अंशांपेक्षा कमी
• नाडी मिनिटाला ११० पेक्षा अधिक व वाढती
• श्वास मिनिटाला २५ पेक्षा अधिक व वाढता
• उपचाराचे पहिले तीन दिवस उलटल्यानंतर बिंबिका एक लाखापेक्षा कमी
• पूर्वी मधुमेह नसताना रक्तशर्करा २०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक
• पोट फुगणे, तीव्र जुलाब यांमुळे नळीवाटे अन्न २४ तासांहून अधिक काळ देता न येणे

जखमेचा रंग काळपट होणे, ती खोल जाणे, दुर्गंधी येणे किंवा लावलेली त्वचा न धरणे या स्थानिक खुणा होत. रुग्णाचे अचानक भ्रमिष्टासारखे वागणे आणि लघवी कमी होणे हेही धोक्याचे इशारे आहेत. एका मोजणीपेक्षा रोजच्या नोंदींतील बदल अधिक महत्त्वाचा असतो.

उपचार

रक्त व जखमेचे नमुने तपासणीस घेऊन प्रतिजैविके विनाविलंब सुरू करतात. मृत ऊती शस्त्रक्रियेने काढून त्वचारोपण केल्याने संसर्गाचे मूळ दूर होते. नवी मुंबईतील ऐरोली येथील नॅशनल बर्न्स सेंटरमध्ये दान केलेल्या त्वचेची पेढी आहे.

ग्रामीण भागातील महत्त्व

धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातील माकणीसारख्या गावातून गंभीर रुग्णास लातूर किंवा सोलापूर गाठावे लागते. अशा वेळी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावणे, जखमेवर वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडणे आणि नंतर ती स्वच्छ कापडाने झाकणे हितावह असते. शेण, शाई वा टूथपेस्ट लावू नये. त्यामुळे संसर्गाचा धोका वाढतो आणि जखमेची खोली पाहणे कठीण होते. घरी परतलेल्या रुग्णात वरील खुणा दिसल्यास तत्काळ रुग्णालयात नेणे आवश्यक असते.